नेटहॅक: अक्षरांनी रचलेले भुयार

पडद्यावर ऐंशी अक्षरे रुंदीच्या चोवीस ओळी, त्यांत ठिपक्यांनी दाखवलेली जमीन, उभ्या-आडव्या रेघांच्या भिंती आणि मध्ये कुठेतरी ‘@’ हे चिन्ह. ते चिन्ह म्हणजे आपण. शेजारी घुटमळणारे रोमन लिपीतले छोटे ‘डी’ म्हणजे आपला कुत्रा, आणि बऱ्याच खालच्या मजल्यावर कधी तरी समोर येणारे मोठे ‘डी’ म्हणजे ड्रॅगन. ‘नेटहॅक’ या खेळाचे सारे दृश्यरूप एवढेच आहे. पन्नासच्या आसपास मजले खोल असलेल्या भुयारात उतरायचे, सर्वांत खालच्या गर्भगृहातून येंडोरचा ताईत मिळवायचा, तो घेऊन पुन्हा वर यायचे आणि आपल्या देवतेच्या वेदीवर अर्पण करायचा, हे खेळाचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येते. ते साध्य करण्यात अनेकांची वर्षे जातात आणि बहुतेकांचे ते कधीच साध्य होत नाही.

हा खेळ १९८७ साली प्रथम वितरित झाला. या परीक्षणासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ३.६.७ ही आवृत्ती विचारात घेतली आहे. खेळ पूर्णपणे मोफत असून त्याचा सी भाषेतला सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. माझे मत आरंभीच नोंदवतो: चित्रे, संगीत आणि कथानक यांवर इतर खेळांत जी मेहनत खर्च होते ती येथे जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर खर्च झाली आहे, आणि ती म्हणजे खेळाडूच्या प्रत्येक कृतीचा परिणाम. जेथे हे परिणाम दाट विणलेले आहेत तेथे नेटहॅकच्या तोडीचा खेळ मला माहीत नाही. जेथे ही वीण विरळ होते तेथे तो कंटाळवाणा होतो, आणि ती विरळ वीण दुर्दैवाने खेळाच्या शेवटच्या एकतृतीयांश भागात आहे.

त्याची वंशावळ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील परिसरात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ हा खेळ लिहिला. पुढे बर्कली येथे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. अर्नोल्ड यांच्याच ‘कर्सेस’ या प्रोग्रॅम-संग्रहामुळे साध्या टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर ठेवणे शक्य झाले होते. बर्कलीहून निघालेल्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या प्रतींबरोबर हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला. त्याच्या धर्तीवर १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिंकन-सडबरी या शाळेतल्या जे फेनलेसन यांनी मित्रांच्या साहाय्याने ‘हॅक’ लिहिला, १९८४ च्या अखेरीस नेदरलँड्समधील गणिती आंद्रिस ब्राउअर यांनी त्याची मोठी पुनर्रचना यूजनेट या संगणकजाळ्यावरच्या चर्चामंचावर प्रसिद्ध केली, आणि तेथून माइक स्टीफन्सन, इझाक मिलर, जॅनेट वॉल्झ आदी मंडळींनी तो उचलून नेटहॅक सिद्ध केला. ही मंडळी वेगवेगळ्या ठिकाणी बसून, संगणकजाळ्यावरून एकमेकांना मजकूर पाठवून काम करत होती. मिलर हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९९४ साली त्यांचे निधन झाल्यावर सहकाऱ्यांनी भुयारातल्या एका खाणवस्तीत त्यांच्या नावाचे दिव्यांचे दुकान उघडले. हे दुकान नुसते स्मारक नाही. अखेरच्या गर्भगृहाचे दार उघडण्यासाठी सात मेणबत्त्यांचे एक दीपदान पेटवावे लागते, आणि त्या मेणबत्त्या बहुतेक खेळाडू इझाकच्याच दुकानातून विकत घेतात.

खेळ उतरवून घेणे सोपे आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी तो उपलब्ध आहे. उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांना तो त्यांच्या नेहमीच्या पॅकेज-भांडारातूनच मिळतो. अँड्रॉइड फोनवरही तो चालतो, परंतु बोटाने आज्ञा निवडत बसणे हे या खेळाच्या स्वभावाला मानवत नाही. कपाटात पडून असलेला, आजची कोणतीही कामे न झेपणारा लॅपटॉप यासाठी पुरेसा आहे. चांगला कळफलक मात्र हवा.

कळफलकाची अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक कृतीला एक कळ आहे, आणि त्याच अक्षराच्या लहान व मोठ्या रूपांना वेगळे अर्थ आहेत. लहान ‘डब्ल्यू’ने शस्त्र हाती घेतले जाते, मोठ्याने चिलखत अंगावर चढते, लहान ‘एस’ने आजूबाजूला गुप्त दारे शोधली जातात, मोठ्याने खेळ जतन होऊन बंद होतो. चालण्यासाठी ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ या कळा आहेत, ज्या ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या बोटांत आधीपासूनच असतात. इतरांनी पर्यायांच्या यादीतून अंकांच्या कळा चालू करून घ्याव्यात. सुरुवातीला आणखी दोन गोष्टी कराव्यात. वस्तू आपोआप उचलण्याची सोय एक तर बंद करावी किंवा फक्त नाण्यांपुरती ठेवावी, आणि अर्धविरामाची कळ पाठ करावी. ती दाबून पडद्यावरच्या कोणत्याही चिन्हाकडे बोट दाखवले की ते काय आहे हे खेळ सांगतो. नवख्याचे प्राण या एका कळेने जितके वाचतात तितके कोणत्याही तलवारीने वाचत नाहीत.

चित्रमय चौकोन वापरून खेळण्याची सोयही आहे. मी ती सुचवणार नाही. अक्षरांची भाषा तासाभरात सवयीची होते, आणि नंतर एक फायदा ध्यानात येतो: एकाच कुळातील प्राण्यांना एकच अक्षर आणि पोटजातीला वेगळा रंग, या व्यवस्थेमुळे भरगच्च पडदाही एका नजरेत वाचता येतो. निळे ‘ई’ दिसले की थांबायचे, पिवळे ‘सी’ दिसले की हातमोजे आहेत का ते पाहायचे, हे प्रतिक्षिप्त क्रियेसारखे होऊन जाते. इवल्याशा चित्रांत हेच तपशील एकमेकांत मिसळतात.

निळे ‘ई’ म्हणजे तरंगता डोळा. हा प्राणी कधीही हल्ला करत नाही, जागचा फारसा हलत नाही, आणि तरीही नवख्या खेळाडूंच्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा आहे; कारण त्याला तलवारीने मारायला जावे तर त्याच्या नजरेने आपण दीर्घ काळ जागीच थिजतो आणि तेवढ्या वेळात येणारा-जाणारा कोणताही क्षुद्र जीव आपल्याला निवांतपणे संपवतो. येथवर हा एक सापळा झाला. परंतु त्याच डोळ्याला दुरून सुरे फेकून मारले आणि त्याचे प्रेत खाल्ले, तर खेळाडूला दूरसंवेदनेची शक्ती मिळते. ही शक्ती डोळे मिटलेले असतानाच पूर्ण काम करते: डोळ्यांवर पट्टी किंवा साधा टॉवेल बांधला की त्या मजल्यावरचा मन असलेला प्रत्येक प्राणी नकाशावर उमटतो. मग कळते की डोळ्यांवरची पट्टी हे अस्त्र आहे; आणखी पुढे ग्रीक दंतकथांतल्या मेड्यूसाच्या बेटावर गेल्यावर कळते की तीच पट्टी तिच्या दगड करणाऱ्या नजरेपासूनही वाचवते. पट्टी नसेल तर आरसा तिच्यासमोर धरावा; ती स्वतःच दगड होते. एका धोक्यातून एक साधन, साधनातून दुसऱ्या धोक्यावरचा उपाय, आणि हे सर्व खेळाने कुठेही पाठ म्हणून शिकवलेले नाही.

पिवळे ‘सी’ त्याहून रंजक आहे. कॉकाट्रिस हा युरोपीय दंतकथांतला कोंबडा आणि सर्प यांच्या मिश्रणाचा प्राणी. त्याला उघड्या हाताने स्पर्श केला की माणूस दगड होतो. खेळाच्या रचनाकारांनी हा एकच नियम घेतला आणि तो शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळला. हातमोजे घालून मेलेल्या कॉकाट्रिसचे प्रेत उचलले तर तेच हातातले शस्त्र बनते आणि ज्याला लागेल तो बहुतेक प्राणी दगड होतो. परंतु ते हातात घेऊन चालत असताना खड्ड्यात पडलो, तर पडताना प्रेताचा अंगाला स्पर्श होतो आणि आपणच दगड होतो. अंगावरचे ओझे जास्त असताना जिन्यावरून उतरताना तोल गेला, तरीही तेच. आंधळेपणात जमिनीवर काय पडले आहे हे मोजे न घालता चाचपले आणि तेथे हे प्रेत असले, तरीही तेच. अनवाणी लाथ मारली तर पुन्हा तेच. यांपैकी प्रत्येक मृत्यू वाचताना हसू येते आणि स्वतःवर ओढवला की संताप येतो, परंतु थोडा विचार केल्यावर ‘हे अन्यायाचे आहे’ असे म्हणण्याची सोय उरत नाही; नियम पहिल्यापासून तोच होता. सरड्याचे प्रेत जवळ असेल आणि दगड होण्याची क्रिया हळूहळू चालू असेल, तर ते खाऊन ती थांबवता येते. सरड्याचे प्रेत कधीही कुजत नाही, म्हणून जाणते खेळाडू ते पिशवीच्या तळाशी अखेरपर्यंत बाळगतात.

वस्तूंची ओळख पटवणे हा खेळाचा दुसरा कणा आहे. काढ्यांचे रंग, गुंडाळ्यांवरची अगम्य अक्षरे, कांड्यांचे लाकूड किंवा धातू आणि अंगठ्यांचे खडे हे सर्व प्रत्येक डावात नव्याने वाटले जाते. मागच्या वेळी जखम भरून काढणारा तांबडा काढा या वेळी झोपवणारा असू शकतो. पिऊन किंवा वाचून पाहणे हा एक मार्ग झाला. शहाणा मार्ग निरीक्षणाचा आहे. वस्तू वेदीवर ठेवली की काळ्या झगमगाटाने ती शापित असल्याचे कळते. वेदी जवळ नसेल तर पाळलेल्या कुत्र्याकडे पाहावे: शापित वस्तूवर तो सहसा पाय ठेवत नाही, आणि ठेवलाच तर कुरकुरत ठेवल्याचे खेळ कळवतो. अंगठी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये टाकली तर ती बहुधा हरवते, परंतु जाता जाता आपला गुण दाखवून जाते. सर्वांत उपयुक्त शाळा म्हणजे दुकान. दुकानदार वस्तूला काय भाव देतो त्यावरून ती कोणत्या गटातली हे अजमावता येते. मूळ वीस नाण्यांची गुंडाळी एकच आहे, आणि ती नेमकी इतर वस्तूंची ओळख पटवून देणारी आहे.

दुकानदारांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने नेटहॅकमधली सर्वांत जिवंत पात्रे तीच आहेत. कुदळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते आत घेत नाहीत, कारण ते भिंत किंवा जमीन खणून मालासह पसार होईल. अदृश्य झालेल्यालाही ते आत घेत नाहीत. अशा वेळी ममीच्या अंगावरच्या चिंध्या गुंडाळून घेतल्या की आपण पुन्हा दिसू लागतो आणि दार मोकळे होते. पर्यटक ही भूमिका घेऊन, हवाईयन शर्ट दाखवत आत गेलेल्या कच्च्या खेळाडूकडून ते जास्त पैसे उकळतात. (जगातल्या कोणत्याही देवस्थानाबाहेरच्या बाजारात उभा राहिलेला वाचक या नियमाची सत्यता तपासून पाहू शकतो.) मालाचे पैसे न देता जमिनीतून भोक पाडून खाली निसटू पाहणाऱ्याची सगळी पाठपिशवी शेजारी उभा असलेला दुकानदार हिसकावून घेतो. मात्र आपला कुत्रा आत शिरून तोंडात धरून जे बाहेर आणून टाकेल त्यावर त्याचा हक्क चालत नाही, आणि त्यामुळे गरीब खेळाडूंचा बराचसा काळ दुकानाच्या दाराशी कुत्र्याची वाट पाहण्यात जातो.

देवांशी असलेला व्यवहारही असाच मोजका आणि स्पष्ट आहे. प्राण एकसप्तमांशापर्यंत उतरले किंवा भुकेने शक्ती गेली की प्रार्थना करावी. देवता संकट दूर करते. मात्र दोन प्रार्थनांत साधारण एक हजार खेळ्यांचे अंतर हवे, आणि आपले नशीब कोणत्याही पापाने उणे झालेले नसावे. पाळलेले मांजर किंवा कुत्रे मारणे हे अशा पापांत अग्रभागी आहे. हा खेळ संगणकाचे घड्याळही पाहतो: पौर्णिमेच्या रात्री नशीब एका अंकाने वाढते, अमावास्येला कॉकाट्रिसचा फूत्कार अधिक घातक ठरतो, आणि १३ तारखेला शुक्रवार आला तर प्रार्थना करणे धोक्याचे होते. भुयारात उतरण्यापूर्वी कालनिर्णय पाहणारा खेळाडू येथे अंधश्रद्ध ठरत नाही.

भूक हा सततचा तगादा आहे, आणि त्यामुळेच ‘काय खावे’ या प्रश्नाला येथे महत्त्व येते. मारलेल्या प्राण्यांची ताजी प्रेते हे मुख्य अन्न. ती शिळी झाली की विषारी होतात. अति खाल्ले तर घास अडकूनही मरण येते. हे वाचून ज्यांना किळस आली असेल त्यांच्यासाठी सांगण्याजोगे हे की डावाच्या अखेरीस खेळाडूने स्वेच्छेने पाळलेल्या व्रतांचा हिशेब दिला जातो आणि त्यांत शाकाहाराची रीतसर नोंद आहे. दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांसाठी वेगळे कडक व्रत आहे, काहीच न खाता केवळ प्रार्थनेवर जगणाऱ्यांसाठी त्याहून कडक. अंडे मात्र साध्या शाकाहारात धरले आहे. हा निर्णय आपल्याकडच्या अनेक घरांत मान्य होणार नाही, परंतु तेथे कोणाचे अपील चालत नाही. भिक्षूची भूमिका घेतलेल्याने मांस खाल्ले तर त्याला अपराधी वाटल्याचा संदेश येतो आणि त्याची धर्मनिष्ठा घटते. निरक्षरतेचेही व्रत आहे: एकही अक्षर न वाचता भुयार पार करणे. ज्या खेळात सारे जगच अक्षरांचे आहे तेथे ही कल्पना सुचणाऱ्याला दाद द्यावी लागते.

आता मृत्यूविषयी. नेटहॅकमध्ये मेलेला माणूस मेलेलाच राहतो. जतन केलेला खेळ पुन्हा उघडताच जतन केलेली फाइल पुसली जाते, त्यामुळे मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची वाट नाही. पडद्यावर अक्षरांनी रेखलेली कबर उमटते आणि तिच्यावर नाव, जवळची नाणी आणि मृत्यूचे कारण लिहिलेले असते. त्याआधी खेळ आपल्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूचे खरे नाव दाखवायचे का, असे विचारतो. दाखवायला सांगावे, मनाला कितीही लागले तरी. उपासमारीने मेलेल्याला तेथे कळते की त्याने कधी न वाचलेली ती एक गुंडाळी नेमकी काय होती. आठवड्यांची मेहनत एका चुकीच्या कळेने जाते, ही तक्रार मला पूर्णपणे समजते, आणि ज्यांना खेळाकडून दिवसअखेरीची विश्रांती हवी आहे त्यांनी नेटहॅकच्या वाटेला जाऊ नये हेच उत्तम. परंतु ही कठोरता काढून टाकली तर वर वर्णिलेले सारे परिणाम पोकळ होतील. पुन्हा मागे जाता येत असेल तर हातमोज्यांची आठवण कोण ठेवील?

मेलेल्यांचे काही अवशेष उरतात. कधी कधी एखाद्या मजल्यावर पूर्वी तेथे मरण पावलेल्या खेळाडूचे भूत आणि त्याची बहुतांशी शापित झालेली मालमत्ता सापडते. सार्वजनिक सर्व्हरवर खेळत असाल तर हा मृत एखादा परदेशी अनोळखी माणूस असू शकतो, आणि त्याला मारणारा प्राणी बहुधा अजून तेथेच फिरत असतो.

खेळाच्या पहिल्या अर्ध्या भागात विविधता भरपूर आहे. दुसऱ्या ते चौथ्या मजल्याच्या दरम्यान बुटक्यांच्या खाणींकडे जाणारी वाट फुटते; त्याच्या थोडे पुढे सोकोबानचे चार मजले वरच्या बाजूला आहेत, जेथे धोंडे ढकलून खड्डे बुजवायचे असतात आणि धोंडा फोडून पळवाट काढणाऱ्याचे नशीब घटते. तेथील बक्षीस, म्हणजे ओझे हलके करणारी पिशवी किंवा किरण परतवणारा ताईत, पुढच्या साऱ्या डावाला वळण देते. मेड्यूसाच्या पलीकडे किल्ला आहे. त्याचा पूल वाद्यावर वाजवलेल्या सुरांच्या योग्य क्रमाने उतरतो, आणि तो क्रम चुकतमाकत, प्रत्येक प्रयत्नाला मिळणाऱ्या खडखडाटावरून तर्क करत शोधून काढावा लागतो. किल्ल्यातल्या एका बुरुजात इच्छापूर्तीची कांडी असते. येथपर्यंतचा प्रवास उत्तम आहे.

त्यानंतर गेहेनम हा नरक सुरू होतो आणि खेळाचा तोल जातो. एकामागून एक सारखेच चक्रव्यूह, अधूनमधून एखाद्या दैत्यराजाचे घर, आणि तोवर खेळाडू इतका सामर्थ्यवान झालेला असतो की धोका कमी व चालणे जास्त उरते. येंडोरचा जादूगार मारला तरी पुन्हा पुन्हा परत येऊन त्रास देतो. ताईत घेऊन वर चढताना एक अज्ञात शक्ती अधूनमधून आपल्याला खाली लोटते. एकदा हे भयानक वाटते, नंतर फक्त वेळकाढू. रचनेतल्या या दोषाबद्दल जुने खेळाडूही फारसे भांडत नाहीत. शेवट मात्र पुन्हा जमला आहे: पंचमहाभूतांपैकी चारांच्या प्रतलांतून, म्हणजे स्वतंत्र लोकांतून, गेल्यावर जे अंतिम प्रतल येते तेथे तीन मंदिरे आहेत, त्यांतली एकच वेदी आपल्या देवतेची, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर चुकीच्या वेदीवर ताईत ठेवला तर तो दुसऱ्याच देवाच्या पदरात पडतो आणि आपली देवपदाची संधी हुकते.

दुसरा गंभीर आक्षेप असा की हा खेळ बाहेरचे वाचन केल्याशिवाय जिंकणे जवळजवळ अशक्य आहे. धुळीत ‘एल्बेरेथ’ हा टॉल्किनच्या कथांतला शब्द कोरून त्यावर उभे राहिले की बहुतेक राक्षस जवळ येत नाहीत, हे फार महत्त्वाचे संरक्षण आहे. परंतु इंग्रजी अद्भुतकथा न वाचलेल्या माणसाला ते आपण होऊन सुचण्याचे कारण नाही, आणि खेळात मिळणाऱ्या एखाद्या अफवेत त्याचा ओझरता उल्लेख तेवढा येतो. (३.६ च्या आवृत्त्यांत त्यावर उभे राहून हल्ला केला की अक्षरे पुसली जातात. हा बदल मला योग्य वाटतो, कारण पूर्वी लोक तेथे ठाण मांडून निर्धास्तपणे बाण सोडत बसत.) एरिक रेमंड यांच्या मूळ लेखनावर आधारलेली मार्गदर्शिका खेळाबरोबर येते आणि ती चांगली आहे, तरी ती मुद्दाम बरेच काही सांगत नाही. सारा विनोद इंग्रजी वाचनावर उभा आहे, हीही मराठी वाचकासाठी मर्यादा आहे. आपल्या ओळखीचे म्हणावे असे फारच थोडे भेटते. मोठ्या ‘एन’ने दाखवलेले नाग तेवढे नावाने परिचित वाटतात.

या भुयाराची खोली किती, याचे एक अलीकडचे माप आहे. २०२० साली फेसबुकच्या संशोधकांनी नेटहॅकला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी खुले करणारी साधने प्रसिद्ध केली आणि २०२१ मध्ये न्यूरिप्स या परिषदेत त्यावर स्पर्धा झाली. स्वतः शिकणाऱ्या न्यूरल प्रणालींपेक्षा माणसांनी हाताने नियम लिहून तयार केलेले प्रोग्रॅम तेथे सरस ठरले, आणि ताईत कोणालाच आणता आला नाही.

ज्यांना एवढा पसारा नको आहे त्यांनी ‘ब्रोग’ पाहावा: ताईत सव्विसाव्या मजल्यावर, आज्ञा मोजक्या, मांडणी देखणी, आणि एक डाव एका बैठकीत संपण्याजोगा. कौशल्यांची गणिते आवडणाऱ्यांसाठी ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ आहे, ज्याच्या रचनाकारांनी वेळकाढू भाग काढून टाकण्याचे धोरणच ठेवले आहे. दोन्ही मोफत आहेत आणि खेळ म्हणून अधिक नेटके आहेत. तरीही सिंकमध्ये अंगठी टाकण्याची सोय त्यांत नाही, आणि मला परत येण्यासाठी तेवढे कारण पुरते.

नेटहॅक सुरू करणाऱ्याने तेरा भूमिकांपैकी व्हॅल्किरी, म्हणजे नॉर्स पुराणांतली योद्धा स्त्री, घ्यावी. तिला थंडीची बाधा होत नाही, पावले न वाजवता ती चालते आणि हातात पहिल्यापासून लांब तलवार असते. वंश बुटक्यांचा निवडला तर अंधारातले उष्ण रक्ताचे प्राणी दिसतात आणि खाणीतले बहुतेक रहिवासी भांडत नाहीत. अनुभवाची पाचवी पातळी गाठल्यावर ती तलवार एखाद्या कारंज्यात बुडवत राहावे. बुटकी व्हॅल्किरी विधिनिष्ठ (नियम पाळणाऱ्या पक्षाची) असल्याने कधी तरी त्यातून एक्सकॅलिबर ही राजा आर्थरची तलवार हाती येते, मात्र तोवर पाणसाप आणि जलपऱ्या येण्याची तयारी ठेवावी. पहिले काही डाव कोणताही संदर्भ न वाचता मरावे, नंतर निःसंकोच वाचावे. आणि कळफलकावरचा मोठ्या अक्षरांचा दिवा खेळ सुरू करण्यापूर्वी बंद असल्याची खात्री करून घ्यावी.